उपचारापूर्वीची बोलणी

मुदखेड जंक्शनच्या फलाटावर नांदेडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा असलेला माणूस जर गावात चाळीस वर्षे राहिलेला असेल, तर गाडी येईपर्यंत त्याला निदान चौघांना तरी आपण कोठे आणि कशासाठी निघालो आहोत याचा जबाब द्यावाच लागतो. आणि विचारणाऱ्याच्या मनात चौकशीपेक्षा जिव्हाळाच अधिक असतो हे ठाऊक असल्यामुळे तो जबाब टाळणे अधिकच जड जाते. "गुरुजी, सकाळी सकाळी कुठं निघालाव? अन् पोराचं तोंड का उतरलंय हो?" हा प्रश्न मी सुमारे दीड वर्ष, महिन्यातून दोन वेळा, ऐकला. बरोबर माझा पुतण्या असे. लातूरला एक वर्ष शिकवणीसाठी राहून तो परत आला, तेव्हा त्याची झोप उडाली होती, जेवणावरची वासना गेली होती, आणि दिवसभर पडवीत भिंतीकडे तोंड करून तो पडून राही. त्याला नांदेडला मानसोपचारासाठी नेण्याचे ठरले, त्या वेळी घरातील सर्वांना एकच भीती होती, की ही गोष्ट गावात फुटेल.

मुलगा आज बरा आहे. त्या दीड वर्षात जे उमगले ते इतरांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच. आमची भीती खोटी नव्हती, परंतु ती चुकीच्या जागी होती. आम्हास वाटे, की समुपदेशकाच्या तोंडून गोष्ट बाहेर जाईल. प्रत्यक्षात गोष्ट बाहेर जाते ती दवाखान्याच्या बाकावरून, घरातल्या सामाईक फोनवरून, पावतीवरच्या मथळ्यावरून आणि औषधाच्या दुकानातल्या पारदर्शक पिशवीतून. त्याचप्रमाणे शुल्क आणि चुकलेल्या भेटी यांवरून होणारी कुरबुर ही पैशांची कुरबुर म्हणून सुरू होते, आणि पुष्कळदा तिच्या पायी उपचारच अर्ध्यावर सुटतो. म्हणून गुप्तता, शुल्क आणि भेटीची वेळ या तीन गोष्टी वेगवेगळ्या न समजता एकाच कराराची कलमे समजावीत, आणि लग्नाची बोलणी ज्याप्रमाणे आपण अक्षता पडण्यापूर्वी करतो त्याप्रमाणे ती पहिल्याच भेटीत, संकोच न बाळगता, उरकून घ्यावीत, असे माझे मत झाले आहे.

बोलणी कोणाशी करावयाची हे आधी कळले पाहिजे, कारण 'मनाचा डॉक्टर' या एका नावाखाली आपल्याकडे तीन निरनिराळे व्यवसाय मोडतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो व औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, तो चाचण्या घेतो आणि संभाषणाच्या मार्गाने उपचार करतो. १९९२ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या पटावर त्याची नोंदणी असावी लागते. तिसरा तो समुपदेशक. या नावाची पाटी लावणाऱ्यांत उत्तम शिक्षण घेतलेली, मनापासून काम करणारी माणसे आहेत, तशीच चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र चौकटीत लावून बसलेलीही आहेत. तेव्हा "आपले शिक्षण काय, नोंदणी कोठे, क्रमांक काय?" हे विचारणे मुळीच उद्धटपणाचे नाही, ज्याची नोंदणी आहे त्याला हा प्रश्न विचारला म्हणून राग येत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये ही आज्ञा आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यविद्येच्या शिष्याला जो उपदेश केलेला आहे त्यात ती स्पष्टपणे आलेली आहे. तिला आजच्या कायद्याचे रूप मिळाले ते २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता. अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयी व उपचाराविषयी गुप्ततेचा हक्क आहे, आणि उपचार करणाऱ्या प्रत्येक आरोग्य व्यावसायिकावर ती राखण्याचे कर्तव्य आहे. कलम २४ प्रमाणे रुग्णाचे छायाचित्र किंवा त्याच्याविषयीची माहिती त्याच्या संमतीवाचून वर्तमानपत्रांना वा इतर माध्यमांना देता येत नाही, आणि संगणकात साठविलेल्या माहितीलाही हे बंधन लागू आहे. अधिनियमाचा भंग करणाऱ्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितलेल्या आहेत.

कायदा असा भक्कम असूनही आमच्या बाबतीत काय घडले ते सांगतो. सुरुवातीला आम्ही ज्या दवाखान्यात गेलो त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे समोरासमोर दोन बाके होती आणि त्यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती. आमची पाळी आली तेव्हा सहायकाने दाराशी उभे राहून मुलाचे नाव, आडनाव आणि "मुदखेडवाले, ते झोपेचे पेशंट" असा पुकारा केला. समोरच्या बाकावर आमच्याच तालुक्यातले एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन बसलेले होते. त्यांनी मान वर केली, मला ओळखले, नमस्कार केला, आणि मग नजर खाली घातली. ते गृहस्थ सज्जन होते, त्यांनी पुढे कोणापाशी शब्दही काढला नाही. परंतु माझा पुतण्या उठला, जिना उतरून खाली गेला, आणि त्यानंतर सात महिने कोठेही येण्यास तयार झाला नाही. त्या डॉक्टरांच्या हातून गुप्ततेचा भंग झाला असे कोणतेही न्यायालय कदाचित म्हणणार नाही. पण त्या सात महिन्यांत मुलाच्या अंगावरचे मांस झडले, ते मी रोज पाहत होतो.

म्हणून पहिला फोन करताना पहिला प्रश्न विचारावा तो हा, की बसण्याची व्यवस्था कशी आहे आणि पुकारा कसा होतो. पाळीच्या क्रमांकाने हाक मारता येते. दोन भेटींमध्ये दहा-पंधरा मिनिटांचे अंतर ठेवले तर जाणारा आणि येणारा समोरासमोर येत नाहीत. बाहेर थांबून "आत या" असा फोन आल्यावर जिना चढण्याची मुभा पुष्कळ ठिकाणी मिळते. फक्त ती मागावी लागते. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आपल्या गावचा माणूस भेटणारच, तो कान दाखवायला आलेला असेल वा गुडघा. त्याला तेथे पाहून आपण जसे काही मानत नाही तसेच तोही आपल्याला पाहून मानणार नाही, इतका धीर मात्र आपण धरावा.

दुसरी गोष्ट फोनची. भेटीची आठवण करून देणारा संदेश ज्या फोनवर येतो तो कोणाच्या हातात असतो, याचा विचार दवाखान्यातल्या माणसाला सुचणार नाही. तो आपणच करावयाचा. शेतकरी कुटुंबांत एकच चांगला फोन असतो आणि तो घरभर फिरतो. सून समुपदेशकाकडे जाते आणि संदेश सासऱ्यांच्या हाती पडतो, असे झाले म्हणजे त्या बिचारीने कोणाला दोष द्यावा? कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळेत, कोणत्या शब्दांत निरोप द्यावा हे लिहून द्यावे. "उद्या अकरा वाजता" एवढा संदेश पुरतो, त्यात दवाखान्याचे नाव असण्याची गरज नाही, आणि फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगावे हेही ठरवून ठेवावे. पैसे फोनवरून भरले तर दवाखान्याचे नाव खात्याच्या नोंदीत राहते, आणि खाते नवऱ्याच्या अथवा वडिलांच्या नावाचे असेल तर ते त्यांच्या दृष्टीस पडते. अशा वेळी रोख द्यावे व पावती घ्यावी. औषधाच्या दुकानी कागदी पिशवी मागावी. फाइलच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'मनोविकार' असे छापलेले असेल तर आतले कागद काढून साध्या फाइलमध्ये ठेवावेत. आम्ही शाळेच्या निकालपत्रांची एक जुनी फाइल वापरीत असू.

फोनवरून होणाऱ्या भेटींनी प्रवास वाचला, पण नवी अडचण आणली. दोन खोल्यांच्या घरात, पत्र्याच्या भिंतीपलीकडे आई भाकरी थापीत असताना, मुलगा आपल्या मनातले काय बोलणार? आमच्याकडे फुलांचा मळा आहे, मुदखेडच्या परिसरात तो पुष्कळांकडे असतो. फुले पहाटे तोडून होतात, आणि दहानंतर मळ्यात सहसा कोणी नसते. पुतण्या कानात यंत्र घालून गुलाबाच्या वाफ्यांपलीकडच्या बांधावर, निंबाच्या सावलीत बसे. मी लांबून पाहत असे: कधी तो ढेकूळ उचलून हातात कुस्करीत बोले, कधी नुसताच ऐके. भेटीची वेळ साडेदहाची ठरवून घेतली होती ती याच कारणासाठी. संभाषणाचे ध्वनिमुद्रण होते काय, होत असल्यास ते कोठे आणि किती काळ ठेवले जाते, हेही विचारून घ्यावे; आपल्या संमतीवाचून ते होता कामा नये.

आता गुप्ततेच्या मर्यादा. "येथे सांगितलेले काहीही कधीही बाहेर जाणार नाही," असे सरसकट वचन जो देतो तो एक तर कायदा जाणत नाही किंवा आपल्याला बरे वाटावे म्हणून बोलतो. कलम २३ मध्येच अपवाद सांगितलेले आहेत: उपचारासाठी दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला आवश्यक ती माहिती देणे, कोणाच्या जिवाला धोका असेल अथवा दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा संभव असेल तर ती टाळण्यापुरती माहिती देणे, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी माहिती देणे, आणि उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकरणाचा हुकूम पाळणे. धोक्याच्या प्रसंगी गुप्तता कोठवर राखावी या प्रश्नाचा ऊहापोह जगभर झाला तो कॅलिफोर्नियातील टॅरासॉफ प्रकरणामुळे. एका तरुणाने आपल्या मानसोपचारकापाशी एका मुलीला ठार मारण्याचा विचार बोलून दाखविला, तिला इशारा कोणी दिला नाही, आणि १९६९ मध्ये तिचा खून झाला. १९७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की ज्याच्यावर संकट येऊ घातले आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी उपाय करण्याचे दायित्व उपचारकावर आहे.

आपल्याकडे आणखी एक अपवाद पालकांनी नीट समजून घ्यावा असा आहे. अठरा वर्षांखालील मुलावर अथवा मुलीवर लैंगिक अपराध झाल्याचे ज्याला कळते त्याने ते पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि समुपदेशकाची यातून सुटका नाही. अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायद्याच्या दृष्टीने संमतीच नसल्यामुळे, सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या प्रेमप्रकरणाविषयी विश्वासाने सांगितलेली गोष्टही या कक्षेत येऊ शकते. हे मुलांना आधी सांगावे. आधी सांगितल्याने मुले गप्प बसतील अशी भीती काहींना वाटते. मला वाटते, की मागाहून कळल्यास ती कायमची गप्प बसतात, आणि ते अधिक वाईट.

आईबापांना किती सांगावयाचे हाही प्रश्न असाच नाजूक. मूल अज्ञान असेल तर कायद्याने पालकच त्याचा प्रतिनिधी असतो, आणि फी आपण भरतो तेव्हा सर्व काही जाणण्याचा आपला हक्क आहे असे कोणाही बापाला वाटते. माझ्या भावालाही वाटले. त्या सात महिन्यांनंतर आम्ही ज्या दुसऱ्या दवाखान्यात गेलो तेथल्या उपचारक बाईंनी पहिल्याच दिवशी मुलाला व त्याच्या वडिलांना एकत्र बसवून ठरविले, की जिवाला धोका असेल तर त्याच दिवशी घरी कळविले जाईल. औषध, झोप आणि जेवण यांविषयी दर महिन्यास सांगितले जाईल. बाकीचे मुलगा स्वतः सांगेल तेव्हा. भाऊ घरी येईतो काही बोलला नाही. परंतु तीन महिन्यांनी, मळ्यातून परत येताना, मुलाने आपण होऊन लातूरच्या खोलीवरचे सगळे त्याला सांगितले.

सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत घरच्यांना माहिती देण्याचा रस्ता कायद्याने आखून दिलेला आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे कोणाही सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. त्यासाठी मुद्रांकाचा कागद लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही अथवा अंगठा केला तरी पुरतो. उपचाराबाबतचे आपले काम पार पाडता यावे म्हणून आवश्यक ती माहिती या प्रतिनिधीला दिली जाऊ शकते. तेव्हा हा कागद विचारपूर्वक करावा. घरात ज्याचा शब्द चालतो त्यालाच नेमले पाहिजे असे नाही. ज्याच्यापाशी गोष्ट टिकते त्याला नेमावे. कोणा बाईला नवऱ्यापेक्षा बहीण जवळची वाटत असेल तर तिने बहिणीचे नाव घालावे. आणि त्याच वेळी उलट बाजूही लिहून द्यावी, की अमुक व्यक्तीने फोन केला तर मी तेथे येतो किंवा नाही, हेसुद्धा सांगू नये.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क त्याच अधिनियमाच्या कलम २५ ने दिलेला आहे. एखादा मजकूर वाचून रुग्णाला गंभीर मानसिक इजा होण्याचा संभव असेल तर तेवढाच रोखता येतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जतन कराव्या लागतात, आणि नोंदी मागितल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. सरकारी वा निमसरकारी नोकरीतल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वैद्यकीय बिलाची प्रतिपूर्ती मागितली, की ते बिल दप्तरात जाते, आणि त्यावर आजाराचे नाव असेल तर ते चार टेबले फिरते. विम्याचेही तसेच. २०१७ च्या अधिनियमाने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या बरोबरीने तरतूद करण्यास सांगितले आहे, हे योग्यच झाले. पण दावा करावयाचा तर निदान लिहून द्यावेच लागते. काय मिळते आणि काय उघड होते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

शुल्काकडे वळू. आपल्याकडे डॉक्टरला आधी फी विचारणे हे अनेकांना अप्रशस्त वाटते, आणि मनाच्या उपचारात तर अधिकच. जणू आपण दुःखाचा भाव करीत आहोत. परंतु आचारसंहितेनेच डॉक्टरवर आपल्या फीचा फलक दर्शनी लावण्याचे बंधन घातलेले आहे. त्याच संहितेत आणखी एक नियम आहे तो आपल्या लोकांना मुद्दाम सांगण्यासारखा: "गुण आला तर पैसे, नाही तर नाही," असा करार करणे डॉक्टरच्या धर्माविरुद्ध मानलेले आहे. आमच्या भागात देवऋषी आणि जडीबुटीवाले हाच करार करतात आणि तो माणसांना प्रामाणिकपणाचा वाटतो. ज्या उपचाराचा गुण रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नावर, घरच्यांच्या वागण्यावर आणि काळावर अवलंबून असतो, त्याची हमी देणारा माणूस फसवीत असतो.

विचारावे ते असे. एका भेटीची फी किती आणि ती भेट किती मिनिटांची? संभाषणोपचाराची भेट सामान्यतः पाऊण तासाची असते; मनोविकारतज्ज्ञाची औषध तपासण्याची भेट त्याहून पुष्कळ लहान असते. दोन्हींची तुलना करून "ते स्वस्त, हे महाग" असे म्हणण्यात अर्थ नाही. पहिल्या भेटीचे शुल्क वेगळे आहे काय? चाचण्यांचे किती? प्रमाणपत्र, शाळेसाठी पत्र, न्यायालयासाठी अहवाल यांचे वेगळे पडते काय? फोनवर मध्येच दहा मिनिटे बोलल्यास ते हिशेबात धरले जाते काय? आणि दर वाढणार असेल तर किती दिवस आधी कळेल? मग घरी बसून कागदावर आकडा मांडावा. समजा भेट आठशे रुपयांची आणि महिन्यातून चार. तर फीच बत्तीसशे होते, त्यात दोघांचे गाडीभाडे, रिक्षा, आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज मिळवावा. हा आकडा सहा महिने पेलणार नसेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. महिन्यातून दोन भेटींवर आणि अधूनमधून फोनवर आमचा मेळ बसला तो असे सांगितल्यामुळेच. पुष्कळ उपचारक काही जागा कमी दराने ठेवतात, परंतु त्या न मागणाऱ्याला मिळत नाहीत. दहा भेटींचे पैसे एकरकमी भरल्यास सवलत देऊ करतात, तेथे चौथ्या भेटीनंतर उपचार थांबविल्यास उरलेली रक्कम परत मिळेल काय, हे लेखी घ्यावे. तोंडी "बघू" हे उत्तर नकारच समजावे.

पावती प्रत्येक वेळी मागावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे तीत सेवा दिल्यावर पावती न देणे, आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली खाजगी माहिती कायद्याच्या आधारावाचून दुसऱ्याला सांगणे, या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. नोंदणी नसलेल्या समुपदेशकाला २०१७ चा अधिनियम लागू कसा करावयाचा असा वाद निघू शकतो; पैसे घेऊन दिलेल्या सेवेला ग्राहकाचा कायदा मात्र लागू होतो. तक्रार करण्याची वेळ आलीच तर ती दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा आयोगाकडे करावी. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाही.

ज्याला फी मुळीच झेपत नाही त्याने उपचार सोडू नये. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मनोविकार विभाग आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. सरकारी बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते आणि एकांत कमी मिळतो, हे खरे, तरीही "थोडे बाजूला बोलू का?" एवढे विचारल्यास ऐकून घेणारे डॉक्टर तेथे आहेत.

राहता राहिली चुकलेली भेट. तीच सर्वांत जास्त मने दुखविते, म्हणून तिची उपपत्ती आधी पाहू. फ्रॉइडने १९१३ मध्ये उपचाराच्या आरंभाविषयी जो लेख लिहिला, त्यात त्याने असे प्रतिपादन केले होते, की आपल्या दिवसातला एक विशिष्ट तास रुग्णाच्या नावे राखलेला असतो, तो तास त्याचा होतो, आणि त्याने तो वापरला नाही तरी त्याचे मोल त्याने द्यावे. संगीताच्या शिक्षकाविषयी हे कोणाला वावगे वाटत नाही, असा दाखलाही त्याने दिला होता. त्यात तथ्य आहे. सर्दी-तापाच्या दवाखान्यात एक रोगी न आला तर दुसरा आत जातो. येथे राखून ठेवलेला पाऊण तास रिकामाच जातो. म्हणून चोवीस तास आधी इत्तला न दिल्यास पूर्ण वा अर्धी फी आकारण्याचा नियम अनेक ठिकाणी असतो, आणि तो आधी सांगितलेला असेल तर त्यावर रागावणे बरोबर नाही.

परंतु फ्रॉइडचे रुग्ण व्हिएन्नात राहत होते आणि आमचे लोक मुदखेड, भोकर, किनवटहून येतात. आदिलाबादकडून येणारी गाडी दोन तास उशिरा आली तर चोवीस तास आधी कोणाला कळणार? दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर आणि लग्नसराईत फुलाला भाव असतो तेव्हा एक दिवसाची तोड चुकविणे परवडत नाही. येळवसेच्या सणाला घरदार शेतात असते, त्या दिवशी भेट ठरविणेच चूक. भावकीत मयत झाली तर दहा दिवस माणूस हलत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी आधी ठाऊक असतात. त्या पंचांगात पाहून पहिल्याच भेटीत सांगाव्यात आणि त्या तारखा वगळून वेळा घ्याव्यात. ज्या ठाऊक नसतात त्यांच्यासाठी माफीचा तपशील ठरवून घ्यावा: मयत, अचानक दुखणे, गाडी रद्द होणे अथवा ओढ्याला पाणी येणे या सबबींवर फी आकारली जाऊ नये; तीच भेट त्याच दिवशी फोनवर घेता आली तर ती झालीच असे धरावे. माझ्या विनंतीवरून बाईंनी "रेल्वेस विलंब" हे शब्द आमच्या कागदावर स्वतःच्या हाताने घातले, आणि दीड वर्षात त्यांचा आधार तीन वेळा घ्यावा लागला.

दंडाच्या रकमेलाही सीमा आहे. १८७२ च्या करार अधिनियमातील कलम ७४ प्रमाणे, करारात रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळू शकते, त्या रकमेहून अधिक कधीच नाही. एका चुकलेल्या भेटीसाठी तीन भेटींचे पैसे मागणारा नियम वाजवी म्हणता येणार नाही. आणि नियम दोन्ही बाजूंना सारखा असावा: उपचारकाने आयत्या वेळी भेट तहकूब केली, आपण फलाटावरून परत फिरलो, तर पुढची भेट कमी दराने अथवा विनामूल्य मिळावी, हे विचारण्यात हरकत नाही. आम्ही विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं," आणि त्यांनी ते मान्य केले.

कधी कधी भेट चुकते ती गाडीमुळे नव्हे. जावेसे वाटत नाही, मागच्या वेळी काही बोलून गेलो त्याची लाज वाटते, किंवा चुकलेल्या भेटीची फी देणे आहे म्हणून तोंड दाखवावेसे वाटत नाही. पुतण्याच्या बाबतीत चौथ्या महिन्यात असे झाले. सकाळी कपडे घालून तो तयार झाला आणि उंबऱ्यावरच बसून राहिला. मी काही बोललो नाही, फक्त फोन त्याच्या हाती दिला. त्याने लिहिले, "आज येत नाही. यावंसं वाटत नाही." उत्तर आले, "हेच पुढच्या वेळी बोलू. वेळ तीच." त्या दिवसाची अर्धी फी नियमाप्रमाणे द्यावी लागली आणि मी ती आनंदाने दिली. न कळविता दिसेनासे होण्यापेक्षा असे एक वाक्य लिहून पाठविणे कितीतरी बरे; सोडून जायचे असेल तरीही एक शेवटची भेट घ्यावी, फाइलची प्रत मागून घ्यावी, आणि आपला क्रमांक त्यांच्या आठवणीच्या यादीतून काढावयास सांगावे.

आमची शेवटची भेट पौषात झाली. बाईंनी नोंदींची प्रत पाकिटात घालून ते मुलाच्या हाती दिले, माझ्या नव्हे. परतीच्या गाडीत त्याने ते उघडले नाही. मुदखेडला उतरल्यावर फलाटावर ओळखीचे एक गृहस्थ भेटले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, कुठून आलाव म्हणून. मी तोंड उघडण्याच्या आत पुतण्याच म्हणाला, "नांदेडला डॉक्टरकडं गेलतो काका, झोपेसाठी. आता बराय." गृहस्थांनी थोडे थांबून इकडेतिकडे पाहिले, आणि मग हळू आवाजात त्या डॉक्टरांचा पत्ता विचारला.